बातमीचा रतीब

वाचकहो, दुधाचा रतीब कसा असतो हे मी तुम्हांला सांगायला नको. एकदा गवळ्याला सांगून ठेवले, की रोज सकाळी दारात दूध येते. गावाला जायचे असले तर चार दिवस बंद करता येते. दूध पाणचट येऊ लागले तर गवळी बदलता येतो. वर्तमानपत्राचेही तसेच. आज मी तुम्हांला अशाच एका रतिबाची हकिगत सांगणार आहे. हा रतीब संगणकाच्या जगातला. त्याचे इंग्रजी नाव तीन अक्षरांचे आहे, आर.एस.एस. ही अक्षरे कानी पडली की आपल्याकडे एका संघटनेचे नाव मनात येते. तिचा या गोष्टीशी काहीएक संबंध नाही. संकेतस्थळावर नवा मजकूर आला की त्याची वर्दी देणारी ही एक पद्धत आहे. वय म्हणाल तर पंचवीस वर्षांहून अधिक. पण तिच्यामागचा प्रश्न फार जुना आहे, आणि तो आपल्या मराठवाड्याला चांगलाच परिचयाचा आहे. बातमी जिला म्हणतात ती तिच्या धन्यापासून निघून ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचायची कशी, आणि वाटेत कोण कोण उभे असते, हा तो प्रश्न.

पूर्वी गावाला काही कळवायचे तर दवंडी पिटत. हलगी वाजली की माणसे दारात येत. दवंडीत एक उणीव होती. त्या वेळी जो गावात नाही, त्याची बातमी हुकली. म्हणून चावडीवर कागद डकवू लागले. कागद राहतो, पण तो वाचायला चावडीपर्यंत जावे लागते, आणि रोज जाऊन पाहावे तर रोज नवे काही असतेच असे नाही. छापील पत्र निघाले तेव्हा ही अडचण दूर झाली. बातमी घरी येऊ लागली. पण त्याबरोबर नवी अडचण उभी राहिली. पत्र छापायला आणि वाटायला कोणाची तरी परवानगी लागू लागली.

नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. दरबारची भाषा उर्दू, रयतेच्या भाषा मराठी, तेलुगू आणि कानडी. सन १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. १९२९ च्या सुमारास ‘गश्ती निशाण ५३’ नावाचा हुकूम निघाला. सभा भरवायची तर आधी परवानगी घ्या, असा त्याचा मथितार्थ. पुढे १९४० च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र काढले. सरकारने त्यावर बंदी घालावी आणि वाघमाऱ्यांनी नाव बदलून ते पुन्हा काढावे, असा क्रम चालला. जुने नाव गेले, नवे आले; वाचक मात्र तेच राहिले. हे कसे जमले? तर नवे नाव एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितले म्हणून. पत्त्याची वर्दी माणसांनी वाहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि तो अध्याय संपला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तिच्यातले दोन मुद्दे ध्यानात ठेवा. एक, वाचक आणि बातमी यांच्यामध्ये परवानगी देणारा कोणी बसला की काय होते. दुसरा, पत्ता बदलला तर वाचकाला कळणार कसे. संगणकाच्या रतिबाची सारी कहाणी याच दोन मुद्द्यांभोवती फिरते.

आता हा रतीब चालतो कसा ते पाहू. नाव रतीब असले तरी दारात कोणी काही आणून टाकत नाही, बरं का. इथे चावडीच्या फळ्यासारखी एक फाईल असते. संकेतस्थळावर नवा मजकूर चढला की या फाईलमध्ये सर्वांत वर एक नोंद होते. नोंदीत मथळा, थोडा सारांश, मूळ पानाचा पत्ता, प्रकाशनाची तारीख-वेळ, आणि त्या नोंदीची कायमची ओळखखूण असते. तुमच्याकडे एक वाचकप्रणाली असते. ती एखाद्या चलाख पोऱ्यासारखी दर तासा-दोन तासांनी फळ्याकडे जाते, ओळखखुणा पाहते, न पाहिलेली नोंद तेवढी उचलून आणते. तुम्ही शंभर संकेतस्थळे सांगून ठेवा, ती शंभर फळे पाहून येईल. बातम्या ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने तुमच्यापुढे ठेवील. वर कोणती आणि खाली कोणती, हे ठरवणारा मधे कोणी नाही. आणि गंमत अशी, की फळ्याच्या मालकाला तुमचे नाव-गाव सांगावे लागत नाही. वर्गणीदारांची यादीच नाही! गश्ती ५३ च्या काळातल्या माणसाला हे ऐकून किती हायसे वाटले असते याचा विचार करा.

ही युक्ती निघाली मार्च १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या नेटस्केप या कंपनीत. तिचा पहिला आराखडा करणाऱ्यांत रामनाथन गुहा हे मद्रासच्या आय.आय.टी.तून शिकून गेलेले भारतीय अभियंते होते. त्यांच्याबरोबर डॅन लिबी होते. नेटस्केपला आपल्या पानावर इतर संकेतस्थळांचे मथळे दाखवायचे होते, एवढाच हेतू. त्याच वर्षी जुलैत लिबी यांनी ती पद्धत सोपी केली. त्याआधी १९९७ मध्येच डेव्ह वायनर नावाचे गृहस्थ आपल्या संकेतस्थळासाठी अशाच एका पद्धतीने मजकूर देत होते. पुढे नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि तिचे या पोराकडे लक्ष राहिले नाही. पोर मात्र रस्त्यावर वाढू लागले.

मग भांडणे सुरू झाली. वारसा ठरलेला नसला की भाऊबंदकी होते, तसेच. एका गटाला पद्धत अधिक शास्त्रशुद्ध हवी होती. त्याने डिसेंबर २००० मध्ये आपली १.० ही आवृत्ती काढली. त्या गटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता. वायनर यांना साधेपणा हवा होता. त्यांनी त्याच महिन्यात ०.९२ काढली आणि सप्टेंबर २००२ मध्ये २.० काढली. तीन अक्षरांचा अर्थसुद्धा भांडणात बदलत गेला. शेवटी जो रूढ झाला तो ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. म्हणजे अगदी साधे वितरण. तिसऱ्या गटाने या कटकटीला कंटाळून ‘ॲटम’ ही निराळी पद्धत बांधली. ती डिसेंबर २००५ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणग्रंथांत नोंदली गेली. पण या साऱ्या धामधुमीत एक शहाणपणाची गोष्ट घडली. जुलै २००३ मध्ये २.० आवृत्तीचे हक्क हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपवण्यात आले आणि ती सर्वांना मुक्त झाली. म्हणजे आज या पद्धतीवर कोणा कंपनीची मालकी नाही. तिला बंद करील असा धनीच नाही.

याच सुमारास संकेतस्थळे बांधण्याची रीतही बदलली. पूर्वी एकेक पान हाताने रचावे लागे. मग मजकूर सांभाळणाऱ्या प्रणाली आल्या, त्यांना सी.एम.एस. म्हणतात. मे २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘वर्डप्रेस’ काढले. ‘द्रुपल’, ‘जूमला’ ही त्याच जातीची इतर नावे. कारकुनाने एका चौकटीत मजकूर लिहायचा, कळ दाबायची. पान रचण्याचे काम प्रणाली करते, आणि रतिबाची फाईलही आपोआप तयार करते. वर्डप्रेसच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत जोडला की बहुधा ती फाईल समोर येते. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या १ तारखेला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच्या ‘अलीकडील बदल’ या पानाचाही असा रतीब घेता येतो. कोणी कोणता लेख सुधारला, कोणी नासवला, हे जागल्यासारखे पाहणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होतो. आवाजाची फाईल जोडण्याची सोय २००१ पासून झाली होती. तिच्यातून पॉडकास्ट जन्मले, आणि ते आजही मुख्यतः याच पद्धतीवर चालतात. नभोवाणीवर वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांनी ही नोंद घ्यायला हवी.

मग हा रतीब घरोघर का दिसत नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर सांगतो. ऑक्टोबर २००५ मध्ये गूगलने ‘रीडर’ नावाची वाचकप्रणाली फुकट दिली. ती चांगली होती, म्हणून लोकांनी आपापले पोरे काढून टाकले आणि सर्वांनी एकच ठेवला. १ जुलै २०१३ रोजी गूगलने तो बंद केला. फळे जागच्या जागी होते, नोंदी होत होत्या. पण आणणारा गेला. दरम्यान फेसबुकने २००६ मध्ये ‘फीड’ हाच शब्द उचलून त्याचा अर्थ हळूहळू उलटा केला. आता आपल्यापुढे काय यावे हे यंत्र ठरवते, आणि ते का आले हे आपल्याला कळत नाही. म्हणजे फिरून मधे कोणीतरी बसलाच. फरक इतकाच, की हा परवानगी नाकारत नाही. तो आपल्या बातमीवर दुसरीच दहा चित्रे आणून ठेवतो.

म्हणून मला वाटते, की आपल्या भागातल्या प्रत्येक संस्थेने हा जुना साधा रतीब नीट राखावा. आणि राखणे हे काम आहे. प्रणाली फाईल आपोआप करते हे खरे, पण विहीर खणली म्हणजे पाणी पोहऱ्यात आपोआप येत नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेचे संकेतस्थळ सांभाळत होतो. त्या वेळच्या माझ्या आणि आमच्या मंडळींच्या चुका सांगतो. त्यांतून बोध घेता येईल.

पहिली चूक घड्याळाची. सूचना सकाळी १० वाजता निघावी म्हणून आम्ही आदल्या दिवशी वेळ लावून ठेवत असू. ती निघे दुपारी साडेतीनला. कोणाला काही उमजेना. शेवटी पाहिले तर प्रणालीचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहिले होते. आपल्या वेळेत आणि त्यात साडेपाच तासांचे अंतर. किनवट-माहूरकडून आलेला मुलगा साडेतीनपर्यंत थांबून परतीच्या बसला लागे, आणि तो बसमध्ये असताना सूचना निघे. पहिल्याच दिवशी घड्याळ ‘कोलकाता’ या नावावर लावले असते तर हे टळले असते.

दुसरी चूक मथळ्याची. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करायचा, चढवायचा, आणि वर लिहायचे ‘महत्त्वाची सूचना’. रतिबातून जातो तो मथळा आणि मजकूर. चित्रातली अक्षरे जात नाहीत. वाचणाऱ्याला एकाखाली एक दहा वेळा ‘महत्त्वाची सूचना’ दिसे. कशाची, कोणासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, काही पत्ता नाही. मथळ्यातच ‘बी.ए. दुसरे वर्ष, परीक्षा अर्ज, शेवटची तारीख अमुक’ असे लिहिले की अर्धे काम होते. त्याखाली चार ओळी मजकूर टंकून द्यावा. कागद हवा तर जोडावा. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या टंकांत केलेली अक्षरे आपल्या संगणकावर मराठी दिसतात; रतिबातून टंक जात नाही, तेव्हा पलीकडे निव्वळ गिचमिड पोहोचते.

तिसरी चूक संख्येची. वर्डप्रेसच्या फाईलमध्ये मुळात शेवटच्या १० नोंदी राहतात. एरवी तेवढ्या पुरतात. पण परीक्षेच्या हंगामात एका दिवशी पंधरा सूचना निघाल्या, की पहिल्या पाच फळ्यावरून पुसल्या जातात. दिवसातून एकदाच पाहणाऱ्याला त्या कधी दिसतच नाहीत. हा आकडा ‘वाचन’ नावाच्या मांडणीपानावर बदलता येतो. त्याहून बरे म्हणजे विषयवार विभाग करावेत. प्रत्येक विभागाचा वेगळा रतीब प्रणाली देते. परीक्षेचा वेगळा, शिष्यवृत्तीचा वेगळा, निविदांचा वेगळा. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

चौथी चूक सर्वांत महागाची, ती पत्त्याची. संकेतस्थळ नवे केले, जुना पत्ता मोडला, आणि जुन्यावरून नव्याकडे वळवण्याची पाटी लावायला विसरलो. वाचकांचे पोरे जुन्या फळ्याकडे जात राहिले आणि रिकाम्या हाताने येत राहिले. दूध आले नाही तर गृहिणी गवळ्याला विचारते. रतिबाची बातमी आली नाही तर माणूस समजतो, नवे काही नसेल. तक्रार येत नाही, म्हणून बिघाड कळत नाही. आम्हांला कळायला तीन महिने लागले, तेही एका पालकाने फोन केला म्हणून. वाघमाऱ्यांच्या पत्राचे नाव बदलले तर वाचक ते शोधत जात. संगणकाच्या पोऱ्याला ती बुद्धी नाही. म्हणून पत्ता शक्यतो बदलू नये. बदललाच तर जुन्या जागी कायमची पाटी ठेवावी. आणि ज्याच्याकडे संकेतस्थळ आहे त्याने स्वतः एक वाचकप्रणाली ठेवून आपलाच रतीब रोज पाहावा. दुधाची चव धन्याला आधी कळली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, परीक्षेच्या अर्जापुरती ही एवढी यातायात? नाही. यात माणसांचे जीवही गुंतलेले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत कोणी विसरलेले नाही. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि सुमारे १० हजार माणसे गेली. भूकंपाची दिवसभर आधी वर्दी देण्याची विद्या तेव्हा नव्हती, आजही नाही. पण भूकंप झाल्यावर कोणत्या गावात काय झाले, जखमींना कोठे नेले, कोणता रस्ता उघडा आहे, ही माहितीही त्या दिवसांत अन्नपाण्याइतकीच लागत होती. त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेने जागतिक जाळे, म्हणजे वेब, सर्वांना मोकळे केले होते. अवघे पाच महिने झालेले. आपल्याकडे त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते. आज जगात कोठेही मोठा भूकंप झाला की अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते त्याची नोंद थोड्याच मिनिटांत अशाच रतिबातून मोकळी करते.

पुराचे तर वेगळेच. पुराची वर्दी आधी देता येते. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की ते पाणी गोदावरीतून नांदेडकडे येते. वाटेत पाऊस असला तर विष्णुपुरीचेही दरवाजे उघडावे लागतात. किती पाणी, किती वाजता सुटले, हे खालच्या गावाला वेळेवर कळले तर गुरे सोडता येतात, मोटारी काढता येतात, म्हातारी माणसे हलवता येतात. १७ आणि १८ ऑगस्ट २०२५ ला मुखेड तालुक्यात पावसाने कहर केला. रावणगाव, हसनाळ या गावांत पाणी शिरले, माणसे दगावली, मदतीला सैन्य आले. अशा रात्री तासभर म्हणजे फार मोठा अवधी असतो.

यासाठी जगभर एक पद्धत ठरलेली आहे. तिला ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ म्हणतात. तिची पहिली आवृत्ती २००४ ची. इशारा कसला, किती तातडीचा, किती तीव्र, किती खात्रीचा, कोणत्या भागासाठी आणि कोठवर लागू, हे सारे ठरावीक रकान्यांत एकदाच भरायचे. मग तोच इशारा मोबाइलवर, दूरचित्रवाणीवर, नभोवाणीवर, संकेतस्थळावर सारखाच जातो. आपल्या देशात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही व्यवस्था, सी-डॉट या संस्थेने बांधलेली, या पद्धतीवर चालते. आणि तिचे इशारे आर.एस.एस.च्या रतिबातूनही मिळतात. म्हणजे नांदेडातले एखादे महाविद्यालय, एखादी ग्रामपंचायत, एखादे स्थानिक दैनिक आपल्या संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात तो रतीब लावू शकते. त्यासाठी पैसा नको, कोणाची शिफारस नको. रतीब म्हणजे भोंगा नव्हे, हे खरे. झोपलेल्याला तो उठवणार नाही; त्यासाठी मोबाइलचा गजर आणि हाका मारणारा शेजारीच हवा. पण जागा असलेला एक माणूस त्यातून खात्रीची बातमी घेऊन दहा जणांना उठवू शकतो. अफवेला तोड द्यायची तर असा पक्का आधार जवळ हवा.

तेव्हा, वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या हाती एखाद्या शाळेचे, पतसंस्थेचे, ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ असेल, तर आज घरी गेल्यावर एवढे करा. आपला रतीब उघडून पाहा. शेवटची नोंद कधीची आहे? वेळ बरोबर आहे का? मथळा वाचून परक्या माणसाला काही कळते का? आणि जे नुसते वाचक आहेत त्यांनी एखादी वाचकप्रणाली घ्यावी, चार विश्वासाचे फळे तिला सांगून ठेवावेत, आणि बातमी आपल्याकडे कोणी ढकलण्याची वाट न पाहता आपण होऊन मागवावी. आपल्या आधीच्या पिढीला हव्या त्या पत्राचा रतीब लावायला बंदीशी झुंजावे लागले. आपल्याला फक्त फळा पुसून स्वच्छ ठेवायचा आहे, आणि तो आहे तिथेच राहील एवढे पाहायचे आहे.